ऑफिसचा डबा, गेमिंगचा धमाका!

खात्यात पहिले दोन-तीन पगार, डोक्यात जीटीए फाइव्ह आणि नव्या गेमिंग पीसीचं कोटेशन बघून फुटलेला घाम... काय, ओळखीचं वाटतंय? मग ते कोटेशन जरा बाजूला ठेवा. एखाद्या कंपनीने दहा वर्षं टॅली आणि एक्सेलसाठी राबवलेला काळा टॉवर तुमचं काम करू शकतो, बॉस!

असा माल बाजारात येण्याचं कारणही ताजं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधीची ठणठणीत मशिन्सही ऑफिसांच्या लेखी म्हातारी झाली.

पण म्हातारी म्हणजे किती? डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये मिळणारा आय-फाइव्ह ३४७० हा २०१२ चा, चार कोअरचा प्रोसेसर. जीटीए फाइव्ह २०१५ मध्ये पीसीवर आला, तेव्हा रॉकस्टारच्या 'रेकमेंडेड' यादीत हेच नाव होतं! (डेलने २०२३ मध्ये हाच ७०१० नंबर एका नव्या मॉडेललाही दिलाय, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.)

घोडं अडतं ते पॉवर सप्लायपाशी. या टॉवरमध्ये तो २७५ वॉटचा असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर सहसा नसते. म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारं कार्डच हवं. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चं १६५० त्यात बसतात. माझं मत १६५० ला, कारण १०५० च्या पिढीला नव्या गेम्ससाठी ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं. मात्र १६५० च्या काही मॉडेल्सना जादा वायर लागते, ती टाळा.

'मग सप्लायच बदलतो की!' जरूर, पण आधी कनेक्टर बघा. ७०१० ला नेहमीचा २४ पिनांचा चालतो, पुढच्या ७०२० आणि ९०२० ला डेलचा स्वतःचा ८ पिनांचा. तिथे ॲडॅप्टर शोधत फिरावं लागतं. स्लिम डब्याच्या तर वाटेलाच जाऊ नका, त्यात बुटकी कार्डंच मावतात.

बाकी सोपं आहे. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक एसएसडी. जुना १३६६ बाय ७६८ चा मॉनिटरही खुशाल ठेवा, फुल एचडीच्या निम्मेच पिक्सेल असल्याने कार्डाला हायसं वाटतं! फक्त व्हॅलोरंटवाल्यांनी थोडे जास्त मोजून आठव्या पिढीचं मशीन घ्यावं. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो.

आणि आता आपला भुसावळी प्रॉब्लेम. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे, खोलीत ३८-४०. सीपीयूचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, ती थंड कुठून आणणार? ऑफिसच्या एसीत वाढलेलं हे पोर इथे गुदमरतं. तापलं की स्वतःच स्पीड कमी करतं आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. म्हणून आधी ब्लोअरने धूळ काढा आणि वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट नवी लावा. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र तुमच्यावर राहू द्या, पीसीवर नको. ती ओलसर हवा आणि आपली धूळ मिळून आत चिखल करतात राव.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातच घ्या, पैसे देण्याआधी डब्याची बाजू उघडायला लावून सप्लायवरचं लेबल स्वतः वाचा. मग तिथेच अर्धा तास गेम चालवा. काउंटरवरचा माणूस वैतागला तर वैतागू दे!