अर्जाआधी रेंजवर

हैदराबादच्या बेगम बाजारात रात्री शटरं पडू लागली की घाऊक व्यापाऱ्याच्या डोक्यात एकच घोर असतो, दिवसाची रोकड घरी सुखरूप कशी न्यायची. सुकामेवा, मसाले, भांडी, सगळा व्यवहार ठोक. यूपीआय आलं तरी नोटांची थप्पी संपलेली नाही. मग कुणीतरी सुचवतं, "शेठ, पिस्तुलाचा परवाना काढून घ्या." हैदराबाद शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. आणि प्रश्न पडतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचा कोर्स आधी करावा, की परवाना हातात पडल्यावर बघू?

माझ्या मते आधी करावा. अर्ज भरण्याच्याही आधी. 2016 च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाच्या दाखल्याची, म्हणजे एस-1 नमुन्याची, तरतूद आहे. पण निव्वळ फाइलला जोडायचा कागद म्हणून तिकडे पाहिलं, तर कोर्समधली खरी कमाई हातची जाते.

एक साधी गोष्ट घ्या. मॅगझीन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं नवख्याला वाटतं. चेंबरमध्ये मात्र एक गोळी राहिलेली असू शकते. म्हणून आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, चेंबर डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढलं, तर स्लाइड पुढे येताना नवी गोळी चेंबरात सारते आणि माणूस निर्धास्तपणे भरलेलं शस्त्र टेबलावर ठेवतो. वाचून हे दोन मिनिटांत कळतं. हाताला वळण लागायला मात्र प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा करावं लागतं, नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून.

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असतो. खाली आपटल्याचा दणकाही गोळी सुटायला पुरतो. म्हणून अशा शस्त्रात घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. नव्या घडणीत मध्ये अडसर असतो. आपल्या हातातलं कोणत्या घडणीचं आहे, हे विकत घेण्याआधी कळायला हवं की नको?

आता बेगम बाजाराची गल्ली डोळ्यांपुढे आणा. हातगाड्या, हमाल, दुचाक्या, समोरासमोर दुकानं. लक्ष्यामागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा नियम इथे पाळायचा कसा? चोराला चुकलेली गोळी समोरच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसापर्यंत जाते. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार, हलगर्जीपणे गोळी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीतल्या हवेतल्या बारालाही हेच कलम. शिवाय पिशवी हिसकायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपला हात कमरेपर्यंत तरी पोचतो का, हे रेंजवरच समजतं.

हैदराबादेत गच्चीबावलीकडे शूटिंग रेंज आहे. सुरुवात एअर पिस्तुलावर होऊ शकते आणि 20 ज्यूलपर्यंतच्या, 4.5 मिमीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. चार रविवार तिथे घालवावेत. त्यानंतर काहींना शस्त्र नकोसं वाटेल. वाटू द्यावं, दुपारीच बँकेत भरणा करणं, रोज रस्ता बदलणं, सोबत माणूस ठेवणं हे उपाय त्यांना अधिक पटतील, आणि मला तर ते कधीही बरे वाटतात.

ज्यांना तरीही हवंच असेल, त्यांनी प्रशिक्षकाला घरातल्या जागेबद्दल विचारावं. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात, आणि किल्ल्या देवघराच्या खणात नाहीत. ही सोय अर्ज भरण्याआधी झालेली असावी.