घरातला सर्व्हर आणि त्याचा पत्ता

पत्त्यावाचून पत्र पोहोचत नाही, हे आपण सारे जाणतो. संगणकांच्या जगातही नियम तोच. घरी लिनक्स सर्व्हर बसवून तो घरच्या जाळ्याला व पुढे इंटरनेटला जोडताना मला उमगले ते एवढेच की, हा सारा खटाटोप पत्त्यांचा आहे.

सर्व्हर म्हणजे काही अजस्र यंत्र नव्हे. अहोरात्र चालू राहून इतरांनी मागितलेली माहिती पुरवतो तो सर्व्हर. जुना लॅपटॉपही हे काम करतो. जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण परगावच्या नातलगांना ऐकता यावे, पण ते आपल्याच घरी राहावे, हा आमचा हेतू होता. लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये केला; ती विनामूल्य मिळते.

सर्व्हरची तार राउटरला जोडली की राउटर त्याला एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. पण हा पत्ता मुदतीचा असतो, पुढे बदलू शकतो. दुकानदाराने वारंवार गाळा बदलला तर गिऱ्हाइकाने जावे कोठे? म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये हा पत्ता सर्व्हरच्या नावे राखून ठेवावा.

मग तपासणी. ‘पिंग’ ही आज्ञा म्हणजे दुसऱ्या यंत्राला मारलेली हाक. पहिली हाक राउटरला, दुसरी बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, तिसरी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिलीला ओ मिळाली नाही, तर दोष बहुधा तारेत किंवा घरच्या पत्त्यात. दुसरीला नाही, तर राउटरमधून बाहेर जाण्याच्या वाटेत. फक्त तिसरी फसली, तर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत. या क्रमाने गेल्यास चाचपडावे लागत नाही.

आता घराबाहेर. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते चाळीतल्या खोली क्रमांकांसारखे असतात, घरोघरी तेच. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला. म्हणून साऱ्या घराला बाहेरचा एकच पत्ता मिळतो. त्यावर आलेल्या पाहुण्याला सर्व्हरपर्यंत न्यावयाचे, तर राउटरमध्ये त्यासाठी एक दार, म्हणजे ‘पोर्ट’, नेमून द्यावे लागते. काही कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात; तेथे आपले दार उघडून भागत नाही, कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

दार उघडले की अनोळखी यंत्रे लवकरच कुलूप चाचपू लागतात. सर्व्हरच्या नोंदवहीत हे प्रयत्न स्पष्ट दिसतात. दुरून सर्व्हर हाताळण्याची एसएसएच ही पद्धत तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये रचली, ती त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाल्यानंतरच. तीत पासवर्ड बंद करून केवळ किल्लीच्या फाइलीने प्रवेश द्यावा. फायरवॉलने नको ती दारे लावून घ्यावीत. मात्र दुरून काम करीत असल्यास आधी एसएसएचचे दार मोकळे ठेवावे, नाहीतर मालकच बाहेर! शिवाय प्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात.

दुसऱ्याच्या यंत्रावर वस्तू ठेवली की तिच्या राखणीचा विचार आपण सोडून देतो. येथे ती सोय नाही. ओव्या आमच्या, यंत्र आमचे. तेव्हा राखणही आमचीच.