आधी हवेचं बघा, मग पाटी लावा

केरळातून निपाहची बातमी आली की आपल्याकडे 'विलगीकरण कक्ष सज्ज' असं पत्रक निघतंच. सोबत फोटो: पांढरी चादर घातलेली खाट, दारावर नवीकोरी पाटी, भिंतीवर स्प्लिट एसी. खोलीतली हवा बाहेर कुठून जाते, हे मात्र कुणी विचारत नाही. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो. निपाह मुख्यतः जवळच्या संपर्कातून पसरतो, हे मान्य. पण गोवर आणि क्षयाचं काय? त्यांना हवाच पुरते.

दिसणाऱ्या गोष्टींचा हा सोस कोविडमध्ये अंगाशी आला होता. २०२० मध्ये तैवानचे भूलतज्ज्ञ लाइ शियान-युंग यांनी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पेटी बनवली. ती रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची, दोन भोकांतून हात घालायचे आणि घशात नळी टाकायची. त्यांनी आराखडा सगळ्यांना खुला केला, हा त्यांचा मोठेपणा. आपल्याकडेही अशा पेट्या बनल्या, वाटल्या गेल्या. पुढे चाचण्यांत दिसलं, की पेटीमुळे नळी टाकायला जास्त वेळ लागतो, कधी डॉक्टरांचा संरक्षक पोशाख फाटतो आणि आत साठलेले कण हातांच्या भोकांतून थेट त्यांच्याच तोंडावर येऊ शकतात. मे महिन्यात दिलेली परवानगी अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्टमध्ये मागे घेतली; हवा ओढून न घेणाऱ्या पेट्या नकोत म्हणाले.

खरं तर रुग्णाभोवतीची हवा बाहेर कशी येऊ द्यायची नाही, हे कोडं फिलिप ट्रेक्सलर यांनी कधीच सोडवलं होतं. हा माणूस मुळात जंतुमुक्त प्राणी पाळण्यासाठी प्लॅस्टिकचे तंबू बनवायचा. त्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे जंतू आत शिरायला नकोत. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांनी दाब उलटा केला आणि आत रुग्ण ठेवला. प्लॅस्टिकला छिद्र पडलंच, तरी हवा बाहेरून आत ओढली जाणार! २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात इबोलाचा रुग्ण अशाच तंबूत बरा झाला.

तालुक्याच्या रुग्णालयाला एवढा तंबू नको, खिडकीची एक खोली पुरे. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरा. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला २४० घनफूट हवा बाहेर काढावी लागते. त्या वेगाने ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटं लागतात; तोवर सफाईवाल्या मावशींना आत पाठवू नये. खिडकीतल्या साध्या एक्झॉस्ट फॅनपुढे बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लावला की पंखा दमतो, तिथे ब्लोअरच हवा. आतल्या फटी चिकटपट्टीने बुजवायच्या आणि दाराखाली मात्र फट ठेवायची. दार लावून त्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर कक्ष सज्ज. बाहेर रेंगाळला तर उद्घाटनाची फीत परत गुंडाळा.

माझी खरी शंका पंख्याबद्दल नाहीच. पंखा बसेल, फोटोही निघेल. सहा महिन्यांनी फिल्टर बदलायचा कुणी आणि पैसे कुठल्या हेडमधून, हे पत्रकात कधीच नसतं. निपाह येईल तेव्हा येईल. क्षयाचा रुग्ण आजच जनरल वॉर्डात खोकतोय. ब्लोअर आधी तिथे लावा.