मोगलाई कोणाची?

‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असा सवाल आपण सहज करतो. परंतु मोगलाई हे एके काळी निजामाच्या अमलातील प्रत्यक्ष मुलखाचे नाव होते आणि तो मुलूख वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सरहद्दीला भिडलेला होता, याचे स्मरण थोड्यांनाच असते. देऊळगाव राजाहून जालन्याच्या बाजारास निघालेल्या गाडीवानाला वाटेत करोडगिरीचा नाका लागे, आणि तो ओलांडताच कलदार रुपयाच्या जागी निजामाचा हाली सिक्का सुरू होई.

गंमत अशी की, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या हवाली झालेले आणि १९०२ मध्ये त्यांना कायमच्या पट्ट्याने दिलेले वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच राहिले होते. म्हणजे नाक्याच्या दोन्ही अंगांना स्वामी एकच, अंमल तेवढा निराळा. तरीही जुलमाचे नाव पलीकडच्याच अंमलाला चिकटले.

ते अगदीच अनाठायी नव्हते. गश्ती निशाण ५३ या परिपत्रकान्वये पूर्वपरवानगीवाचून तेथे सभा भरविता येत नसे, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आली. परंतु इंग्रजी अंमलातही १८९८ च्या फौजदारी संहितेतील कलम १४४ जमावबंदीसाठी सज्ज होते, आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच संशयित ठरविले होते. बुलढाण्याच्या कचेरीत वकिली करणाऱ्यास जे कायद्याचे राज्य वाटे, तेच गावकुसाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या, हजेरी देणाऱ्या आणि परवान्यावाचून गाव सोडता न येणाऱ्या पारध्याला निखळ पोलिसी राज्य होते. १८७१ पासून चालत आलेला तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

पुढे नावांचा खेळ अधिकच रंगला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रणगाड्यांसह भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या. आपण त्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले, तर निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे तिला आक्रमण म्हटले. त्याच १९४८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे आपल्याच प्रांतात, खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा सार्वजनिक सुरक्षा कायदा अमलात होता; त्याला मोगलाई कोणी म्हटले नाही. १९७५ च्या आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसे तुरुंगात गेली, तेव्हा एका पक्षाला ती हुकूमशाही वाटली आणि दुसऱ्याला अनुशासनपर्व. कलम १४४ चा अधिकार आज नव्या संहितेत कलम १६३ या नावाने नांदतो. विरोधी बाकावर असताना तो जुलमी दिसतो आणि सत्तेवर येताच आवश्यक ठरतो.

म्हणून एखाद्या राज्यास पोलिसी म्हणावे की नाही याचा निवाडा करताना, ज्याला रोज हजेरीसाठी उभे राहावे लागे त्याची साक्ष आधी घ्यावी. वकिलाची आणि पुढाऱ्याची मागाहून.