मऊ ग्रंथि, कठीण टांका

निरोगी व मऊ अवयवास घातलेला टांका रोगानें कठीण झालेल्या अवयवाच्या टांक्याहून अधिक धोक्याचा, हें विधान विपरीत वाटेल. परंतु स्वादुपिंडापुरतें तें खरें आहे. डॉ. ॲलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं वर्णिलेल्या शस्त्रक्रियेच्या आजच्या पद्धतींत या ग्रंथीचें डोकें काढून उरलेला भाग आंतड्यास जोडतात. जुनाट दाहानें घट्ट झालेली ग्रंथि टांका धरून ठेवते. मऊ ग्रंथि दोऱ्यानें लोण्यासारखी कापली जाते. त्यांत तिची नलिका तीन मिलिमीटरांहून अरुंद असली तर जोड अधिकच अवघड. शिवाय अशी ग्रंथि पाचकरसही भरपूर स्रवते. जोडांतून तो गळला कीं मांस पचविणारा तोच रस जवळची रक्तवाहिनी कुरतडूं शकतो, आणि कांहीं दिवसांनीं एकाएकीं रक्तस्राव होतो. स्थूलता व शस्त्रक्रियेंतील रक्तनाश यांनीं गळतीचा संभव वाढतो. घरची मंडळी रोग्याच्या वयाचीच चौकशी करतात. शस्त्रवैद्याचीं बोटें मात्र ग्रंथीचा मऊपणा चांचपीत असतात.