रिकामं व्हायलाही वेळ लागतो

बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून फेराइटची रिंग काढली. आत एक पिवळी-पांढरी रिंगही होती, पण ती लोखंडाच्या भुकटीची; मला हवी होती लाइन फिल्टरमधली हिरवी. तिच्यावरची जुनी तार उलगडली आणि एका बाजूला 20, दुसऱ्या बाजूला 20 वेढे दिले. झाला पल्स ट्रान्सफॉर्मर.

कॅलिपरने मोजल्यावर रिंगचा छेद भरला 20 चौरस मिलिमीटर. असं फेराइट 0.4 टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 13 मायक्रोसेकंदांची मुभा. मॉसफेटच्या सोर्सखाली 0.1 ओहमचा रेझिस्टर लावून स्कोपवर करंट पाहिला. दर 10 मिलिसेकंदांनी एक पल्स, त्याची रुंदी हळूहळू वाढवत गेलो. करंटची रेष सुरुवातीला सरळ, मंद चढणीची. दहाला पोहोचायच्या आतच ती एकदम उभी चढली, आणि त्याच क्षणी सेकंडरीवरचं व्होल्टेज ढासळलं. तेरा का नाहीत? करंट शून्य झाला तरी कोअरमध्ये थोडं चुंबकत्व उरतं आणि पुढचा पल्स त्या शिलकीवरूनच सुरू होतो. 24 व्होल्ट दिले, तर रेष पाचच्या आत मोडली. कोअरला व्होल्ट आणि वेळ यांचा गुणाकार तेवढा कळतो.

मग 8 मायक्रोसेकंद सुरक्षित धरून पल्स दर 50 मायक्रोसेकंदांनी सोडले. मॉसफेटला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मिनिटभरात जळका वास.

घोळ डायोडपाशी होता. मॉसफेट बंद झाल्यावर करंटला वाट मिळावी म्हणून प्रायमरीवर साधा डायोड लावला होता. त्याच्यावर पडतात जेमतेम 0.7 व्होल्ट. 12 व्होल्टनी 8 मायक्रोसेकंदांत जे भरलं, ते 0.7 व्होल्टनी उतरायला जवळजवळ 140 मायक्रोसेकंद हवेत. मी दिले होते 42. दर पल्सला बाकी चढत गेली आणि कोअर तुंबला. पहिल्या चाचणीत मध्ये 10 मिलिसेकंद मोकळे होते, म्हणून हे दिसलंच नव्हतं.

आता डायोडच्या जोडीला 12 व्होल्टचा झेनर उलटा लावलाय. रिंग आठाच्या आत उतरते. मात्र तेवढा वेळ मॉसफेटला सुमारे 25 व्होल्ट सोसावे लागतात. नवा 60 व्होल्टचा आहे, निभावतं. वहीत ‘चालू वेळ’ असा एकच रकाना होता. त्याच्या शेजारी दुसरा आखलाय.