या अंकात मुलांचे चेहरे का नाहीत



गेल्या अंकात वसतिगृहातील मुलांचे फोटो, खाली नाव, इयत्ता आणि गाव असे काहीच नव्हते, म्हणून अनेकांनी फोन करून विचारले. याही अंकात ते नाहीत. कारण सांगणे माझे कर्तव्य आहे.

दिवाळीच्या सुट्टीहून परतलेला अकरावीतला एक मुलगा जेवेना. संध्याकाळच्या प्रार्थनेलाही येईना. मग त्याने स्वयंपाकाच्या मावशींकडे दोन हजार रुपये उसने मागितले, तेव्हा मला शंका आली. ऊसतोडीची उचल मिळाली त्या वर्षी त्याच्या घरात पहिला स्मार्टफोन आला होता. सुट्टीत इन्स्टाग्रामवर एका 'मुलीने' ओळख काढली. वर्गातले दोघे आधीच तिच्या यादीत, म्हणून याचाही विश्वास बसला. पुढे व्हॉट्सअ‍ॅप, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे बहुधा मुलगी नसतेच, आधीच तयार केलेली चित्रफीत चालवलेली असते, आणि इकडचे सगळे रेकॉर्ड होते. पाच मिनिटांत धमकी आली: पैसे पाठव, नाहीतर सर्वांना दाखवतो. सोबत एक फोटो होता. आपल्याच एका पाहुण्या मंडळीने नाताळात काढून फेसबुकवर टाकलेला, मुलाच्या नावासह. खाली प्रतिक्रिया देणाऱ्या तुम्हा सर्वांची नावे त्या माणसाला आयती मिळाली होती.

मंडळीचा हेतू प्रेमाचाच होता, हे मला ठाऊक आहे.

मुलाने चुलत भावाकडून पाचशे रुपये पाठवले होते, त्यामुळे मागणी वाढली. पैसे दिल्याने हे लोक थांबत नाहीत. आम्ही आणखी पैसे दिले नाहीत आणि चॅट पुसले नाही. खात्याचे नाव, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घेतले, मग त्याला ब्लॉक केले. 1930 वर पैशाची तक्रार केली. येथे वेळ महत्त्वाची, कारण लवकर कळवले तर रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवाही वापरली. अठराच्या आतील वयात काढलेल्या अशा फोटो-व्हिडिओंसाठी ती आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याची अंकरूपी खूण जाते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो ओळखून काढू शकतात.

पोलिसांत जाण्याआधी मात्र माझी एक रात्र गेली. समितीतील एक ज्येष्ठ म्हणाले, "नाव जाईल, प्रार्थना करू आणि मिटवू." मीही डळमळलो. पण 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकते. पाळकही त्यातून सुटत नाहीत. सकाळी आम्ही ठाण्यात गेलो.

वडिलांना कळवायला गुजरातच्या उसाच्या फडावर गेलो. ते मारतील अशी मुलाला भीती होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, किती पैसे गेले एवढेच विचारले, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

चूक आमचीही होती. मोबाईल सापडला की जप्त, असा आमचा नियम. त्याच भीतीने तो तीन आठवडे गप्प राहिला. आता जो येऊन सांगेल त्याचा फोन घेतला जात नाही. 1098 हा मुलांसाठीचा विनामूल्य नंबर जेवणाच्या खोलीत रंगवला आहे, आणि अशी धमकी आली तर काय करायचे हे मोठी मुले लहानांना पावरीत सांगतात. इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीख घालायलाही आम्ही सांगतो. तेरा वर्षांखाली खाते उघडता येत नाही, म्हणून मुले वय वाढवून टाकतात, आणि मग किशोरांच्या खात्याला मिळणारे संरक्षण हातचे जाते. ते खाते मुळातच खासगी असते, अनोळखी माणसाला थेट संदेश पाठवता येत नाही.

भेटीला जरूर या. फोटो काढण्याआधी मुलांना विचारा. फेसबुकवर टाकायचा असेल तर पाठमोरा किंवा दुरून काढलेला टाका, नाव, गाव, लोकेशन न देता. मुलांनी फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली तर स्वीकारू नका, आम्हाला कळवा. जुने फोटो टाकले असतील तर कृपया या आठवड्यात काढून टाका.

मुलगा आता जेवतो. तपास अजून चालू आहे. दोन्हींसाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी.